पाचवं शील

अंगणातला नळ, शेजारी पालथी बादली, बादलीवर बसलेली बाई.

हिंदी मुलखातल्या भनपुरीत ट्रकांचा धूर.

"तुह्ये दात का रेल्वेचे रूळ आहेत? सारखी घासूनच राहिली!"

विहारात हात जोडून म्हटलेलं पाचवं शील: नशेपासून दूर राहीन.

वरणात मिरची नको. झोंबते.

बादलीवरची बाई माया. रुळांचा टोमणा तिच्या नवऱ्याचा, रेल्वेतून निवृत्त झालेल्या शामरावांचा. घरात दारू नाही, बिडी नाही. मायाला त्याचा कोण अभिमान! गुडाखू होती, पण ती काय नशा? तंबाखू नि गुळाचं काळं मंजन ते, पाऱ्यातल्या, मोहल्ल्यातल्या साऱ्या बाया घासतात. सकाळी घासल्याशिवाय पोट साफ होत नसे, दुपारी घासल्याशिवाय डोकं ठणकायचं. गालाच्या आत जखम झाली, तेव्हा माया तिथंच बोट जास्त फिरवू लागली. बधिर व्हायचं. बरं वाटायचं.

समता कॉलनीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "माताजी, कोई नशा? तंबाखू, गुटखा?"

"नहीं साहब! हम पंचशील वाले हैं." माया जवळजवळ रागावलीच.

जखम दातानं झाली समजून डॉक्टरांनी टोचणारा दात घासून बोथट केला, मलम दिलं. माया मलम लावायची, वरून गुडाखू. उन्हाळा गेला, दिवाळीही गेली. तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना.

मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी वेगळंच विचारलं. "मंजन कौनसा?"

"गुडाखू."

"दिन में कितनी बार?"

मायानं मुलीकडं पाहिलं.

"गिनो मत, मम्मी," दीपमाला म्हणाली. "बोल दो, दिन भर."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

जखमेचा तुकडा तपासायला गेला. कॅन्सर. अर्धा जबडा काढावा लागेल, म्हणाले.

दीपमालानं गुडाखूची डबी नालीत फेकली. दुसऱ्या सकाळी मायाचं कपाळ फुटत होतं. पोरगी आंघोळीला गेलेली पाहून ती शामरावांपाशी आली.

"अजी, कोपऱ्यावरून एक डबी आणून द्या ना."

"काहून वं? जबडा कापून राहिले तुहा, अन् तू..."

"कापणारच आहेत ना? मंग एक बोट लावू द्या मले."

तिला नीट बोलताही येत नव्हतं. शामरावांनी चपला घातल्या. मग उंबऱ्यावर तसेच उभे राहिले, ना बाहेर, ना आत. माया त्यांच्या पायांकडं बघत होती.

दवाखान्यात पहिल्यांदा दाखवलं, त्या दिवशी जखम मसुरीच्या दाण्याएवढी होती.