दोन्हीकडून दिसणारा आकडा

धानातला ओलावा मोजणाऱ्या यंत्रावर धनेंद्रनं आठ महिने घालवले होते. मूठभर धान टाकलं की मोबाइलवर टक्केवारी, आलेख, हवामान, सगळं हजर. तो इंजिनिअर होता त्या गोंदियातल्या अकरा जणांच्या कंपनीत नव्या उत्पादनांची जबाबदारी रविताकडे होती. यंत्र बाजारात यायला पंधरा दिवस उरले असताना ती म्हणाली, "आधी कामठ्याला जाऊ."

"टेस्टिंग झालं ना, मॅडम."

"आपल्या टेबलावर झालं."

कामठ्याच्या कुंताबाई धान विकत घेऊन स्वतःच्या गिरणीत भरडतात. दोघं तिथं पोचले, तेव्हा कुंताबाईंनी पोत्यातला एक दाणा दाताखाली दाबला. "ओलं हाय. सतराच्या वर."

धनेंद्रचं ॲप तेव्हा ओटीपी मागत होतं. मग आकडा आला, साडेसतरा.

त्याचे कान लाल झाले. "मग तुम्हाला मशीन कशाला हवी, काकू?"

"पाहाजे नं. मले समजते, पण ज्याचं धान त्याले पटत नाई. तो म्हणते, बाई भाव पाडाले खोटं बोलून राहिली. आन तुमी आकडा माह्याच मोबाइलात दाखवता. त्यानं कायले मानावं?"

 परतताना धनेंद्रनं वही काढून चित्र काढलं. ॲप नाही, ओटीपी नाही. यंत्राच्या दोन्ही बाजूंना मोठा आकडा, एक घेणाऱ्याकडे, एक विकणाऱ्याकडे.

नव्या यंत्राला उशीर होणार, हे ऐकून कंपनीचे मालक ईश्वरदास वैतागले. रविता म्हणाली, "पंधरा दिवसांत गोदामात पडून राहणारी मशीन निघेल. दोन महिने द्या, गिरणीत चालणारी निघेल." त्यांनी दोन महिने दिले.

नवं यंत्र कुंताबाईंना आवडलं. "पण हे बिघडलं त?"

"दर महिन्याला आमचा माणूस येऊन सगळ्यांसमोर तपासून देईल," रविता म्हणाली.

बाहेर आल्यावर धनेंद्रनं विचारलं, "हे कधी ठरलं?"

"आत्ताच."

हंगामात दोघं पुन्हा गिरणीवर गेले, तेव्हा शेतकरी हीरालाल धान घेऊन आला होता. आकडा अठरा. त्यानं तीनदा मोजायला लावलं, तीनदा अठरा. मग तो हसून पोती परत गाडीत टाकायला लागला. "ऊन चांगलं हाय. वाळवून आणतो."

गाडीवर चढता चढता तो धनेंद्रला म्हणाला, "घरी ठेवाले याची लहान मशीन नाई का?"

धनेंद्रनं रविताकडे पाहिलं. तिनं वही उघडली होती.