बिनक्लचची गाडी

मनुबाईचं घर उचगावच्या मळ्यात, वस्तीपासून लांब. त्या घरचा एक कायदा होता. नवी गाडी आली की खंडेनवमीला ती देवीपुढं गर्जली पाहिजे, मगच तिनं कमाईला बाहेर पडायचं. गाडी धुवायची, झेंडूची माळ घालायची, चाकांपुढं लिंबं ठेवायची, आणि समोर नारळ फुटताना आत बसलेल्यानं असा रेस द्यायचा की गोठ्यातल्या म्हशींनी दावी ओढली पाहिजेत. ज्या गाडीनं म्हशी हलल्या नाहीत, ती गाडी मनुबाईनं गाडीत धरली नाही.

नवरा भावकू होता तेव्हा पेट्रोलची जीप होती. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवायची. एकदा हँडल उलटं फिरलं आणि भावकूचं मनगट मोडलं. तेव्हा मनुबाईनं नवऱ्याच्या आधी जीपलाच हळद लावली, असं गावातल्या बायका अजून म्हणतात. म्हणोत. पेट्रोल परवडेना तेव्हा निपाणीच्या मेस्त्रीकडून त्याच जीपमध्ये डिझेलचं इंजिन बसवून घेतलं. थंडीत ती कुंथायची, काळा धूर ओकायची, पण उचगाव-बेळगावचं वडाप, माणसं भरून न्यायचं काम, तिनं ओढलं ते ओढलंच. भावकू गेल्यावर त्याचा धाकटा भाऊ मष्णू तीच जीप हाणत राहिला. मग पिकअप आला. त्याचं इंजिन शहरातल्या माणसासारखं मऊ बोलायचं. मनुबाईला ते पटलं नाही, पण बोलायचं तरी.

यंदा तिच्या लेकानं, नागेंद्रनं, बॅटरीची गाडी आणली. बेळगावात भाड्यानं फिरवायची म्हणाला.

ती अंगणात कधी येते हे कळायचंच नाही. मनुबाई सुपात तांदूळ घेऊन बसलेली असायची, मान वर करावी तर ती पांढरी गाडी समोर येऊन उभी. पिकअपच्या गरम बॉनेटवर रोज झोपणारं मांजर हिच्याकडं फिरकलं नाही. एका सकाळी तिच्या चाकाखाली कोंबडी गेली. चांगली अंड्यावरची कोंबडी, पण मनुबाईनं ती शिजवली नाही. परड्यात खड्डा काढून पुरली.

"आत्ती, चांगली हाय वो गाडी," सून ऋतिका म्हणाली. "धूर न्हाय, वास न्हाय."

"धूर न्हाय, वास न्हाय, आवाज न्हाय. असं माणूस दारात आलं असतं तर मी त्याला पाणी विचारलं नसतं."

ऋतिका हसली. नागेंद्रनं तिला ती गाडी शिकवली होती, आणि ती माळावरनं सफाईनं फिरवून आणायची. मनुबाई तेवढा वेळ पाठ फिरवून बसायची.

खंडेनवमीला नागेंद्र सकाळीच पिकअप घेऊन निपाणीला गेला. पिकअप विकला होता, आणि घेणाऱ्याला तो त्याच दिवशी आपल्या दारात पुजायचा होता. जाताना सांगून गेला, "आई, मी आल्यावर करू पूजा. तवर नव्या गाडीला हात लावू नका."

दुपार कलली. नागेंद्रचा पत्ता नाही. ऋतिकानं फोन लावला, तो उचलेना.

"तिथी सरत आली," मनुबाई म्हणाली. "नवमी काय तुझ्या नवऱ्याची वाट बघत बसती व्हय?"

"मग मी बसते आत. हिला रेस देऊन चालत न्हाय, आत्ती. मी हॉर्न वाजवते, तेवढंच."

"घरात बाप्या मानूस असताना सून बसणार? ह्या घरात पहिल्या पूजेला बाई ष्टेरिंगवर बसली न्हाय कवा. आणि हॉर्न तर शेळ्या हाकायला वाजवत्यात. मष्णू, तू बस."

मष्णू खांबाला टेकून विडी ओढत होता. त्यानं ती विझवली. "वैनी, मला ह्यातलं कळत न्हाय. ह्येचा गिअर कुठाय त्येच दिसंना."

"तीस वरसं जीप हाणलास आणि ह्या मुकीला भितोस? जा, बांगड्या आण ऋतिकाच्या."

बांगड्यांचं बोलल्यावर मष्णू उठला. आत जाऊन बसला.

"काका, नुसतं बसा," ऋतिका खिडकीशी वाकून म्हणाली. "कशाला हात लावू नका." त्यानं मान हलवली. मनुबाईचे गुडघे धड वाकत नव्हते, म्हणून नारळ ऋतिकानंच घेतला आणि ती गाडीपुढं गेली. तिच्या पाठीला गोठ्याची दगडी भिंत होती.

ती कापूर लावायला वाकली तशी मनुबाई मष्णूला म्हणाली, "दे रेस."

मष्णूनं पायाकडं बघितलं. दोनच पट्ट्या. डावीकडची रुंद होती, तिच्यावर जन्माच्या सवयीनं त्यानं डावा पाय ठेवला. क्लच दाबला असं त्याला वाटलं. नागेंद्र दाबायचा ते बटण दाबलं. समोर उजेड पडला, आवाज काही नाही.

"चालू झाली न्हाय, वैनी."

"मग फिरव की चावी."

चावी नव्हती. एक गोल खुंटी होती, ती त्यानं फिरवली. तोच हिचा गिअर होता. उजव्या पायानं रेस दाबला. गाडी हलली नाही की बोलली नाही. त्याच्या डाव्या पायाखाली ब्रेक होता, तोच गाडीला धरून होता. अंगणात हे एकट्या ऋतिकाला कळणार होतं, आणि ती कापरापुढं वाकलेली होती.

"दाब की जोरात," मनुबाई म्हणाली. "भाकरी खाल्ली न्हाईस व्हय?"

ऋतिकानं मान वर केली. काचेतून तिला मष्णूचे ताठ झालेले खांदे दिसले. "काका," ती म्हणाली, आणि हात वर केला.

इंजिन दाद देईना की मष्णू उभ्या आयुष्यात जे करत आला तेच त्यानं केलं. उजवा पाय तसाच ठेवला आणि क्लचवरचा डावा सोडला.

लिंबं फुटली. तेवढंच ऐकू आलं. मग भिंत. गोठ्यातल्या म्हशी जागच्या हलल्या नाहीत.

गाडी मागं कशी घ्यायची तेही ऋतिकानंच सांगितलं, भिंतीला चिकटून, दात आवळून. गाडी मागं सरली तशी ती खाली बसली. डावी मांडी नको तिथं वाकली होती आणि लुगड्याचा रंग ओळखू येत नव्हता. मनुबाईनं आपला पदर फाडून मांडीवर करकचून बांधला. अँब्युलन्सला फोन लावला तर सणाची गर्दी आहे, यायला वेळ लागेल म्हणाले.

"ह्यातनंच न्या मला," ऋतिका म्हणाली.

मष्णू गाडीतनं उतरून लांब उभा राहिला. "मी न्हाय हात लावत हिला."

"मग कोण लावतंय?" मनुबाई म्हणाली. "आता ती सांगंल तसं कर. माझं ऐकू नको."

हे वाक्य तिनं त्या घरात कधी उच्चारलं नव्हतं.

ऋतिकाला मागच्या सीटवर दाराला टेकवून, पुढचा रस्ता दिसेल असं निजवलं. "काका, डावा पाय मागं घ्या. त्याचं हिच्यात कामच न्हाय. सगळं एका उजव्या पायानं." मष्णूनं घेतला, पण तो पाय त्याचा राहिला नव्हता, सरपटत पुन्हा पट्टीकडं जायचा. तेव्हा मनुबाई पुढच्या सीटवर बसली, आडवी वाकली आणि दोन्ही हातांनी त्याचा डावा गुडघा आवळून धरला.

गाडी बेळगावच्या दवाखान्याकडं निघाली. मनुबाईला रस्ता दिसत नव्हता. गुडघा, पायाखालचं रबर आणि झेंडूची एक पाकळी, एवढंच दिसत होतं. कुठवर आलो ते सुनेच्या बोलण्यावरनं कळायचं. "पाय उचला नुसता, आपोआप हळू व्हती. आता दाबा. हळू. वळण हाय." प्रत्येक वळणाला तो गुडघा तिच्या हाताखाली उसळायचा आणि ती अंगाचा भार टाकून त्याला खाली बसवायची. मागून येणारे शब्द तुटत गेले. "उचला... दाबा..." मग नुसतं "हं" यायला लागलं.

"वैनी, म्होरं मिरवणूक हाय," मष्णू म्हणाला. "ताशात हॉर्न बी ऐकू जाईना, माणसं वळून बघंनात. काय करू?"

"ती सांगंल."

मागून काही आलं नाही. गुडघा हिसके देत होता. हात काढला तर पाय जाणार, मान वळवली तर हात सुटणार. मनुबाईनं नखं रोवली.

"ऋतिका," ती म्हणाली. "सांग गं बाई. मी ऐकतीया."