नाव धुऊन गेलेला बस्ता

मी एक जुना बस्ता आहे. मित्रांनो, बस्ता म्हटल्यावर तुम्हाला लग्नाच्या साड्या आठवतील. मी त्यातला नव्हे. मी लाल खारव्याचा, म्हणजे जाड सुती कापडाचा, चौकोनी तुकडा. पुण्यातल्या एका न्यायालयाच्या अभिलेख कक्षात, म्हणजे निकाली निघालेल्या प्रकरणांचे कागद ठेवतात त्या खोलीत, मी पोटाशी कागद बांधून बसलेला असतो. न्यायालय कोणते ते सांगत नाही, कारण तिथल्या माणसांना आधीच पुष्कळ व्याप आहेत. माझा स्वभाव मुळातच काळजीचा. उंदराची काळजी, ओलीची काळजी, कसरीची काळजी. पण गेल्या वर्षी जी काळजी लागली ती या सगळ्यांहून मोठी होती, आणि ती पुरती गेलेली नाही.

मंडईजवळच्या एका दुकानातून आमचे ठाण आले. शिंप्याने आम्हाला कापले, कडा दुमडल्या, कोपऱ्याला नाडी लावली आणि वर पांढऱ्या कापडाची एक पट्टी शिवली. तेव्हाच्या कारकुनांनी त्या पट्टीवर काळ्या शाईने ठसठशीत लिहिले: नादारी अर्ज, आणि पुढे क्रमांक व वर्षे. शाई वाळेपर्यंत ते फुंकर घालत होते. त्या दिवशी मला फार मोठे झाल्यासारखे वाटले.

नादारी म्हणजे काय, ते तुम्हाला कुणी सांगितले नसेल. धंदा बुडाला आणि माणसाला देणी फेडता येईनाशी झाली, की तो न्यायालयात अर्ज करतो. न्यायालय त्याला नादार ठरवते आणि त्याची जमीन, घर आपल्या ताब्यात घेते. पुढे सगळ्यांची देणी मिटली की त्याला मोकळे करते. ते मोकळे केल्याचे हुकूम माझ्या पोटात होते. हे कागद कुणी दडवून ठेवायचे नसतात. कुणीही यावे, क्रमांक सांगून अर्ज करावा, फी भरावी आणि सहीशिक्क्याची नक्कल घेऊन जावी. पुष्कळ वर्षे तशी माणसे येत राहिली. शिपाई मला हाक मारल्यासारखा मोठ्याने क्रमांक वाचत यायचा आणि ओढून खाली घ्यायचा. धूळ उडायची, गाठ सुटायची. मला ते आवडायचे.

मग संगणक आले. नवी प्रकरणे पडद्यावर दिसू लागली, जुनी आमच्याकडेच राहिली. हळूहळू कुणी फिरकेनासे झाले.

एकदा वरिष्ठांची तपासणी ठरली. आमच्याकडे संजय नावाचा शिपाई नुकताच लागला होता. माणूस कामसू आणि भारी टापटिपीचा. त्याला आमची कळकट लाल रांग बघवेना. त्याने कागद बाजूला काढून आमच्यातल्या बऱ्याच जणांना साबणात बुडवले, खळखळून धुतले, गच्चीवर वाळवले आणि कागद पुन्हा बांधून दिले. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "अभिलेख कक्ष असावा तर असा." संजय दिवसभर खुशीत होता.

माझी पट्टी मात्र गुलाबी झाली होती. खारव्याचा रंग उतरला होता आणि शाई निघून गेली होती. अभिलेखपाल नम्रता मॅडम तेव्हा रजेवर होत्या. त्या परत आल्या, रांगेकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वा. छान धुतलंत. आता यांना एकेकाला नाव विचारून घ्या."

एकेक बस्ता सोडून आतला क्रमांक पाहायचा आणि पट्टीवर पुन्हा लिहायचा, एवढेच काम होते. ते उद्यावर गेले, मग परवावर. रांगेत घोटाळा नको म्हणून आम्हा बिननावाच्या बस्त्यांना एका कोपऱ्यात रचले. शेजारी नाशनाचा ढीग होता. मुदत संपलेले कागद टेम्पोत भरून लगदा करायला पाठवतात, त्याला नाशन म्हणतात. सुरुवातीला ढिगात आणि आमच्यात वाट होती. माणसे येता-जाता सामान ठेवत गेली आणि ती वाट बुजली. मी पाहत होतो, पण कापडाला तोंड नसते. गाठ असते, आणि ती आतून सुटत नाही.

त्याच सुमारास रंगराव आले. सत्तरी उलटलेले, पांढरी टोपी, धाप लागलेली.

"म्याडम, माझ्या वडलांचं कागद हाईत हितं. महिपती नाव त्यांचं. नादारीचा अर्ज होता."

"नंबर? वर्ष?"

"ते न्हाई ठावं."

"नुसत्या नावावर इथे काही मिळत नाही, काका. बसा. नोंदवही काढते."

मॅडम पाने उलटत होत्या तेवढ्यात रंगरावांनी सगळे सांगून टाकले. वडिलांचे सायकलचे दुकान बुडाले होते. धायरीचे घर न्यायालयाने ताब्यात घेतले. पुढे वडिलांनी सगळ्यांचे चुकते केले, न्यायालयाने मोकळेही केले, पण तो हुकूम तलाठ्याकडे कुणी नेलाच नाही. सातबाऱ्यावर 'ताबा न्यायालयाचा' ही नोंद तशीच राहिली.

"त्या घरात माझी भन राहती, हिरा. इधवा हाय. घर तिच्या नावावर करून द्यायचंय. पुढल्या महिन्यात माझ्या काळजाचं आपरेशन हाय. माझ्या माघारी पोरं तिला ऱ्हाऊ देतील का, ते माझ्यानं सांगवत न्हाई."

मॅडमना वहीत क्रमांक सापडला. त्यांनी नकलेचा अर्ज भरून घेतला. संजय क्रमांक मोठ्याने वाचत रांगेकडे गेला. तो क्रमांक माझाच होता. संजय रिकाम्या फळीपाशी थांबला, इकडेतिकडे पाहिले आणि परत गेला. माझ्यापासून तो चार पावलांवर होता.

रंगराव पुन्हा आले. पुन्हा आले. प्रत्येक वेळी मॅडम म्हणायच्या, "शोध चालू आहे," आणि मान खाली घालायच्या. फळ्या खरोखरच शोधल्या जात होत्या. कोपऱ्याकडे कुणी पाहत नव्हते, कारण कोपरा म्हणजे आता नाशन, असे सगळ्यांच्या डोक्यात बसले होते. टेम्पोचा दिवस ठरला. रंगरावांचे ऑपरेशन त्याच्याच मागेपुढे होते. मला एकाच वेळी दोन गोष्टींची भीती वाटत होती. मी जाईन ही एक. माझ्याबरोबर हिराचे घर जाईल ही दुसरी, आणि तीच जास्त होती.

शेवटच्या खेपेला रंगराव खुर्चीवर बसलेही नाहीत. दारातूनच म्हणाले, "मग मिळत न्हाई असं तरी लिहून द्या, म्याडम. हिराला दावता येईल. दादा हिंडला हुता, एवढं तरी तिला कळंल."

नम्रता मॅडमनी कागद घेतला. 'सदर अभिलेख शोध घेऊनही मिळून येत नाही' असे लिहिले. सही करायला पेन टेकवले आणि तसेच धरून ठेवले.

"संजय, ते कोपऱ्यातले लाल बस्ते कुठल्या यादीत आहेत?"

"नाशनाचे असतील, मॅडम."

"असतील म्हणजे? यादीत आहेत का?"

"त्यांच्यावर नावच नाहीये."

"नव्हतं, की आपण धुतलं?"

मॅडमनी तो कागद फाडला. "घ्या खाली. एकेक सोडा."

पहिला सुटला, तो नव्हे. दुसराही नव्हे. माझी गाठ धुण्याने आवळली होती. संजयने ती दातांनी सोडवली. मॅडम माझ्यातल्या पिवळ्या पडलेल्या फायली चाळत गेल्या आणि एकीपाशी थांबल्या. शेवटच्या पानावर गोल शिक्का होता. बोट ठेवून त्यांनी मोठ्याने वाचले, "नादार महिपती यांस मुक्त करण्यात येत असून मिळकतीचा ताबा त्यांस परत देण्यात येत आहे."

रंगरावांनी चौकट धरली. म्हणाले, "पाणी मिळंल का जरा?"

तातडीची नक्कल दुसऱ्या दिवशी तयार झाली. ती जोडून, ऑपरेशनच्या आधी, घर हिराला देणाऱ्या बक्षीसपत्राची नोंदणी झाली.

काही आठवड्यांनी एक बाई आल्या. त्या हिरा. घरी ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल लावतात. "दादा बरा हाय. त्याला जिना चढायला बंदी हाय म्हणून सांगायला मी आले," म्हणाल्या. मग त्यांनी मला पाहायला मागितले. माझ्या पट्टीवर आता स्केचपेनने क्रमांक लिहिलेला होता. त्यांनी त्यावर अंगठा फिरवला.

"ह्ये पयल्या धुण्यात जाईल, म्याडम."

पिशवीतून सुई आणि काळा दोरा काढून त्या बाकावर बसल्या आणि त्यांनी तो क्रमांक साखळीटाक्याने माझ्यावर भरला. संजयने त्यांना चहा आणून दिला. सुई टोचत होती, तरी मला इतके निर्धास्त कधी वाटले नव्हते.

पण मित्रांनो, मी काळजीखोर आहे, हे सांगितलेच. त्या दिवशी माझ्यातली फाईल सापडली आणि सगळ्यांना इतके हायसे वाटले की पुढचे बस्ते सोडायचे राहून गेले. ते अजून त्याच कोपऱ्यात आहेत, गुलाबी पट्ट्यांचे. नम्रता मॅडमची बदली झाली आहे. टेम्पो रद्द झालेला नाही, पुढे ढकलला आहे. त्या बस्त्यांत कुणाचे काय बांधलेले आहे ते मला ठाऊक नाही, आणि त्यांना सांगता येत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुठल्यातरी कचेरीत बसाल. स्वच्छता जरूर करा. फक्त एखादे गाठोडे टाकून देण्याआधी त्याची गाठ सोडून बघा. बाहेर दारात कुणीतरी उभे असते.