नयनाच्या हातातले पाच किलो

मी एक लोखंडी डंबेल. वजन पाच किलो, रंग काळा, मुक्काम समा, बडोदे. आम्ही खरं तर जुळे भाऊ, पण माझा भाऊ अबोल आहे, म्हणून दोघांच्या वतीनं मीच बोलतो.

माझा जन्म राजकोटकडच्या एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. मोडके नळ, जुनी यंत्रं, कुणाच्या तरी शिलाई मशीनचा पाय, असं काहीबाही भट्टीत वितळलं आणि त्या लाल रसातून मी घडलो. थंड झालो तेव्हा पाच किलो होतो, आजही पाच किलोच आहे. लोखंडाचं असंच. एकदा घडलं की घडलं. माणसाचं तसं नसतं हे मला फार उशिरा कळलं, आणि कळल्यापासून मी थक्क आहे.

मांडवीतल्या एका दुकानातून मला धवल महाडिकांनी घरी आणलं. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. "आपलं रक्त शिपायाचं!" असं म्हणून त्यांनी मला उचललं, मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला. अकरा दिवस उचलत राहिले. बाराव्या दिवशी म्हणाले, "आज सुट्टी." ती सुट्टी सहा वर्षं चालली. वारा सुटला की मला दाराला लावत. गच्चीत पापड वाळत घातले की चादरीच्या कोपऱ्यावर ठेवत. धवलरावांच्या अंगठ्याला मी दोनदा लागलो, तेवढीच काय ती आमची भेट.

मग अविनाशची बातमी आली.

अविनाश म्हणजे धवलरावांच्या बायकोचा, नयनाचा, धाकटा भाऊ. वय छत्तीस, रेल्वेत नोकरी, सयाजीगंजात बिऱ्हाड. जुन्या दुखण्यानं त्याचं यकृत निकामी झालं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी. नातेवाइकांपैकी कुणी यकृताचा तुकडा दिला तरच तो जगेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. नयनाचा रक्तगट जुळला. "माझं घ्या," ती म्हणाली. तिनं क्षणभरही विचार केला नाही.

पण तपासणीत निघालं की नयनाच्याच यकृतात चरबी साचली आहे. अठरा टक्के. असा तुकडा काढणं तिलाही धोक्याचं आणि त्यालाही. डॉक्टर म्हणाले, "दहा आठवडे आहेत. चरबी उतरली तर बघू."

त्या दिवशी ती घरी येऊन माझ्याशेजारीच जमिनीवर बसली. एक्केचाळीस वर्षांची, शाळेत गणित शिकवणारी बाई. "माझ्याच अंगानं माझा भाऊ जायचा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं खाणं सोडलं. काकडी, लिंबूपाणी आणि मैदानाला फेऱ्यांवर फेऱ्या. तीन आठवड्यांत काटा चार किलो उतरला. घरात आनंद झाला. आणि एका सकाळी ती जिन्यात कोसळली.

दुसऱ्या मजल्यावरच्या मितालीनं तिला धरून वर आणलं. मिताली फिजिओथेरपिस्ट. तिनं नयनाचा दंड चाचपून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"नयनाबेन, हे काय करून घेतलंत? चरबीबरोबर स्नायूपण चाललेत. काटा सगळं एकत्र मोजतो. चरबी, पाणी, स्नायू, बधुं साथे."

"मग मी करू काय?"

मितालीनं इकडंतिकडं पाहिलं. दाराशी मी होतो. "हे उचलायचं," ती म्हणाली.

धवलराव हसले. "अगं, वजनं उचलून पहिलवान होतात. बारीक कोण होतं?"

"धवलभाई, नुसतं उचलून कोणी होत नाही. खाणं बेताचं हवंच. पण खाणं कमी पडलं की शरीर साठवलेलं खायला लागतं, चरबीही आणि स्नायूही. वजन उचललं की त्याला कळतं, हे स्नायू कामाचे आहेत, यांना ठेवायचं. मग ते चरबीकडं जास्त वळतं." मग तिनं डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावून सगळं विचारून घेतलं. मूग, अंडी, ताक, दोन वेळचं नीट जेवण. चालणं रोजचं. आणि आठवड्यातून तीनदा आम्ही दोघे भाऊ.

पहिल्या दिवशी नयनानं मला चारदा उचललं. पाचव्यांदा तिचा हात मध्येच थांबला आणि आतून थरथरू लागला. ती थरथर माझ्यापर्यंत पोचली. सहा वर्षांत मला कुणी इतकं जवळून धरलं नव्हतं. तिच्या दंडात काहीतरी बारीक तुटत होतं, आणि दोन दिवसांनी ती पुन्हा आली तेव्हा त्याच जागी काहीतरी अधिक घट्ट झालं होतं. मी चकित झालो. मला हातोडा मारला तर मला तडा जातो, तो काही भरून येत नाही. ही बाई मात्र दुखली की वाढत होती!

चार झाले आठ. आठाचे बारा. मला छातीशी धरून ती खुर्चीवरून उठायची, बसायची. तिचं हृदय माझ्यावर धडधडायचं आणि माझं थंड लोखंड तिच्या उबेनं कोमट व्हायचं.

पण काटा रुसला. आठवा आठवडा आला तरी मला उचलायला लागल्यापासून उतरलं ते दीडच किलो. नयना काट्यावरून उतरली आणि रडू लागली. "दोन आठवडे राहिले गं मिताली! आधी उपाशी होते तेव्हा निदान उतरत तरी होतं."

मितालीनं काटा पायानं पलंगाखाली सारला आणि टेप काढली. कंबर पहिल्या मापापेक्षा तीन इंच कमी भरली. नयनानं टेप हिसकावून स्वतः मोजलं. पुन्हा मोजलं. गणिताची बाई, तिसऱ्यांदाही मोजलं.

दहाव्या आठवड्यात ती स्कॅनला गेली. मी दाराशी वाट पाहत होतो. दुपारी कुलूप उघडलं. ती आत आली, चपलाही न काढता मटकन खाली बसली आणि फोन कानाला लावला.

"अवि," ती म्हणाली, "पाच टक्के. डॉक्टर हो म्हणाले." पलीकडून हुंदका ऐकू आला.

शस्त्रक्रिया अहमदाबादला झाली. नयनाच्या यकृताचा निम्म्याहून मोठा भाग अविनाशला दिला. ती परत आली तेव्हा पोटावर लांब टाके होते आणि मला हात लावायची बंदी होती. मी कोपऱ्यातून पाहत राहिलो. एकदा धवलराव मितालीला विचारत होते, "उरलेल्या तुकड्याचं काय होणार?" ती म्हणाली, "वाढतोय ने! दोघांकडेही. काही महिन्यांत जवळजवळ पूर्ववत."

मी ऐकतच राहिलो. कापलं तरी वाढतं? दोन घरांत, दोन पोटांत, एकाच वेळी?

पाचव्या महिन्यात डॉक्टरांची परवानगी घेऊन अविनाश बायकोबरोबर आला. डोळे पांढरे स्वच्छ, पण हात काडीसारखे. मितालीनं त्याला आधी पाण्याच्या बाटल्या उचलायला दिल्या होत्या. आता माझी पाळी होती. त्यानं मला उचललं. त्याची बोटं थंड होती.

"ताई, किती जड आहे गं!"

"मलाही असंच वाटायचं," नयना म्हणाली. "मोज. एक…"

तो तीनवर थांबला. नयनानं त्याच्या कोपराखाली दोन बोटं लावली, फक्त दोन. चार झाले.

नयनाची बंदीही उठली आहे आणि ती आता हळूहळू साडेसात किलोकडे वळते आहे. म्हणून आज आम्हा दोघा भावांना तिनं निरोप दिला. आम्ही सयाजीगंजला चाललो आहोत. वाचकहो, तुमच्या पलंगाखाली आमचा कुणी भाईबंद पडला असेल, तर त्याला एकदा हात लावा. चमत्कार त्याच्यात काही नाही, तो नुसतं लोखंड आहे. चमत्कार त्याला धरणाऱ्या हातात असतो.

माझा भाऊ पिशवीत आहे. मी मात्र रिक्षात अविनाशच्या मांडीवर आहे. भक्ती, त्याची बायको, म्हणते आहे, "अहो, जड होईल. खाली ठेवा ना."

"असू दे," तो म्हणतो, आणि मुठीत मला जरा घट्ट धरतो.