ताईंच्या कार्डावर

"ताई, हे कार्ड तुमचंच ना?"

ग्रंथपालबाईंनी संगणकाचा पडदा ताईंकडे वळवला. एकाच कार्डाखालची यादी संपता संपत नव्हती.

"माझंच आहे," ताई म्हणाल्या.

"सात आठवड्यांत चारशे वीस डीव्हीडी. रोज दहा. एवढं बघायला वेळ कधी मिळतो तुम्हाला?"

"बघत नाही, मॅडम. घरचा प्लेअर बंद पडून चार वर्षं झाली."

ग्रंथपालबाई ताईंपेक्षा वीस वर्षांनी लहान, वाचनालयात येऊन त्यांना वर्षही झालं नव्हतं. हसावं की रागवावं, त्यांना कळेना.

दोन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली डीव्हीडी काढून टाकायची, असं पत्रक आलं त्याच संध्याकाळी ताईंनी खालच्या खणातल्या दहा डीव्हीडी कव्हरांसकट स्वतःच्या नावावर चढवल्या आणि पिशवीत भरून घरी नेल्या. सकाळी त्या जमा करून दुसऱ्या दहा घेतल्या. तेव्हापासून रोज तेच.

वाचनालयाच्या या डीव्हीडी विभागात ताईंची नोकरीची एकोणीस वर्षं गेली होती. भिंतीवरच्या तिरक्या फळ्यांवर रिकामी कव्हरं मांडलेली असत आणि तबकड्या काउंटरमागच्या खणांत, नंबर घातलेल्या कागदी पाकिटांत. चोरी होऊ नये म्हणून ही व्यवस्था. वाचकाने कव्हर आणून द्यायचं, ताईंनी नंबर बघून तबकडी काढायची. पूर्वी शनिवारी रांग लागायची, मान वर करायला फुरसत नसायची. आता दिवसाकाठी दोन माणसं यायची, त्यातलं एक बहुधा स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारायला.

आई गेल्यापासून घरी ताई एकट्याच होत्या. धाकटा भाऊ दर रविवारी फोन करायचा. "बरी आहेस ना?" विचारायचा आणि उत्तर यायच्या आत पलीकडे बायकोशी बोलायला लागायचा. या सात आठवड्यांत मात्र जेवताना समोरच्या खुर्चीवर पिशवी असायची. ताई एकेक कव्हर काढून मागचा मजकूर वाचायच्या. एकात बोटीवरचा स्वयंपाकी, दुसऱ्यात हरवलेल्या मुलीला शोधणारी आई. एरवी दहा मिनिटांत उरकणारं जेवण आता तासभर चालायचं.

"ताई, हे असं वर पाठवता येणार नाही मला," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "तुमचं कार्ड वगळून आकडा द्यावा लागेल."

"द्या. तुमचा काय दोष त्यात?"

"पण ते वगळलं तर काही उरतच नाही हो."

ताईंनी नुसती मान हलवली. तो आकडा त्यांनी कधीच काढून बघितला होता.

"म्हणजे सगळ्याच जाणार. न्यायला गाडी शुक्रवारी येणार ना?" त्यांनी विचारलं. "तोवर मला दुसरं काम नका देऊ."

मंगळवारी सकाळी त्यांनी पहिला खण उपसला. पाकिटातून तबकडी काढायची, मऊ फडक्याने पुसायची, नंबर बघून फळीवरचं तिचं कव्हर शोधायचं, तिला आत बसवायचं. टक् आवाज आला की पुढची. अठराशेच्या वर तबकड्या होत्या. बुधवारी पाठ धरली, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

गुरुवारी दुपारी ग्रंथपालबाई आल्या आणि दारातच थांबल्या.

"भंगारात जाणार आहेत, ताई."

"माहीत आहे, मॅडम. पण एखाद्यानं उघडून बघितलं आणि आत काहीच नसलं तर? त्याला वाटायला नको की इथल्या बाईनं हरवली."

ग्रंथपालबाईंनी पर्स टेबलावर ठेवली आणि खणापाशी बसल्या.

"बाराशे चार," त्या म्हणाल्या.

"द्या इकडे."

"बाराशे पाच."

वाचनालय बंद व्हायच्या वेळेला अकरा कव्हरं तेवढी रिकामी राहिली. वाचकांनी नेलेल्या आणि परत न आलेल्या तबकड्यांची ती. ताईंनी प्रत्येकात चिठ्ठी घातली, 'तबकडी नाही', आणि खाली तारखेसकट सही केली.

शुक्रवारी गाडीवाला पोती घेऊन आला. खोलीभर रांगेने लावलेली, कव्हरांनी भरलेली खोकी बघून तो थबकला.

"बाई, यात ओततो सगळं. फेऱ्या वाचतील."

"ओतू नका. नंबरानं लावलंय."

"तिकडे कोण बघणार आहे नंबर?"

गाडीवाल्याने त्यांच्याकडे पाहिलं, मग खोक्यांकडे पाहिलं. हातातली पोती दाराशी टाकली, पहिलं खोकं दोन्ही हातांनी उचलून बाहेर नेलं आणि गाडीत सरळ उभं ठेवलं. परत आत येऊन त्याने विचारलं, "आता कुठलं घेऊ?"

"ते," ताईंनी बोट दाखवलं. "दोनशे एकपासूनचं."