धुण्याच्या खोलीतली गप्पू

गप्पूला धुण्याच्या खोलीत कोणी विचार करून ठेवलं नव्हतं. वरच्या मजल्यावरचा पाण्याचा पाइप फुटला, छताचा गिलावा तिच्या खाटेच्या कोपऱ्यावर पडला, आणि तिला हलवायला दुसरी जागा नव्हती, एवढंच.

आईबाप नसलेल्या बाळांची ती संस्था. एका लांबलचक खोलीत कठड्याच्या छोट्या खाटा ओळीनं मांडलेल्या. फरशी लख्ख, चादरी पांढऱ्या. भेटीला येणारी माणसं दारातच थबकायची आणि म्हणायची, "किती शांत आहेत हो मुलं!" मावशी नुसती मान डोलवायची. मावशी म्हणजे तिथली सगळ्यात जुनी आया. अधीक्षिका बाईंपासून नळवाल्यापर्यंत सगळे तिला मावशीच म्हणत. मुलं शांत का आहेत, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. शांत होती ते तिच्या पथ्यावरच पडत होतं. एकीचं दुपटं बदलेपर्यंत दुसऱ्याचं ओलं, दुसऱ्याचं बदलेपर्यंत तिसऱ्याची दुधाची वेळ. बाटली उशीला टेकवून द्यायची, रबरी बूच तोंडात द्यायचं आणि पुढच्या खाटेकडे सरकायचं. बोलायला फुरसत नव्हती. आणि एवढ्याशा बाळाशी बोलायचं तरी काय?

गप्पू त्या खोलीतली वयानं सगळ्यात मोठी. तिच्या वयाची मुलं घर डोक्यावर घेतात. ही बसल्या जागी पुढेमागे डुलायची आणि स्वतःची बोटं बघत राहायची. हाक मारली तरी वळायची नाही. म्हणून नाव पडलं गप्पू. मागे एक डॉक्टर येऊन गेले होते. त्यांनी तिच्या कानाशी टाळी वाजवली, तोंडासमोर किल्ल्या हलवल्या आणि म्हणाले, "ऐकू येतंय. पण बुद्धी मंद आहे. हिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका." मावशीला वाईट वाटलं नाही. उलट जरा हायसं वाटलं. एका मुलाकडून तरी अपेक्षा ठेवायला नको.

पाइप फुटल्यावर अधीक्षिका बाई म्हणाल्या, "धुण्याच्या खोलीत ठेवा तिला. तिथे ऊब तरी असते. चार दिवसांचा प्रश्न आहे."

नळवाला आला, मान वर करून बराच वेळ बघत राहिला, "मोठं काम आहे" म्हणाला आणि गेला. त्यानंतर छताकडे कोणी फिरकलं नाही. चार दिवसांचे महिने झाले.

धुण्याच्या खोलीत नणंद-भावजय काम करायच्या. नणंद मशीन चालवायची, भावजय इस्त्री करायची. दोघी एकाच घरात राहायच्या, एकत्रच कामाला यायच्या आणि एकत्रच परत जायच्या. एकमेकींचं तोंड बघायचा दोघींना मनस्वी कंटाळा होता, आणि एक दिवस जरी दुसरी आली नाही तर पहिलीचं काम सुधरत नसे. भांडायला विषय लागायचा नाही. नणंदेला उकडायचं, म्हणून ती खिडकी उघडायची. भावजयीला वारा बाधायचा, म्हणून ती लावायची.

"खिडकी कोणी उघडली?"

"मी. श्वास घ्यायचा की नाही माणसानं?"

"ताई, श्वास घ्या, पण माझी मान धरतेय त्याचं काय?"

"तुझी मान कामाच्या वेळी बरी धरते गं वहिनी!"

गप्पूची खाट दोघींच्या बरोबर मध्ये. मशीन घरघरत असल्यामुळे दोघींना मोठ्यानं बोलावं लागायचं. आणि भांडणात साक्षीदार लागतोच. "बघ गं गप्पू, मी काय वाईट बोलले का?" नणंद विचारायची. उत्तराची वाट न बघता भावजय म्हणायची, "तिला काय विचारता? तिला दिसतंय सगळं. होय की नाही गं?" घड्या घालताना एखादा मोजा तिच्या हातात दिला जायचा, "धर जरा." इस्त्री गरम असली की दटावणी मिळायची, "अंहं! हात नाही लावायचा! भाजतं!" यातलं काहीही कोणी तिला शिकवायचं म्हणून करत नव्हतं.

मावशी तिला दूध द्यायला यायची तेव्हा पाठ दुखत असायची, लक्ष पुढच्या कामात असायचं. तरी तिला दिसलं की पोरगी आता डुलत नाही. जी बोलेल तिच्याकडे मान वळवते. मोजा खाली पडला तर कठड्यातून वाकून बघते. मावशीनं ते पाहिलं, आणि दमलेलं माणूस पाहतं तसं विसरूनही गेली.

मग एका दुपारी मावशी चादरींचं बोचकं घेऊन आत आली, तेव्हा भावजय नेहमीसारखी करवादत होती. "पुन्हा उघडी! कोणी उघडली ही खिडकी?"

"ताई!" असं खाटेतून आलं.

तिघींचे हात थांबले. मशीन तेवढं फिरत राहिलं. गप्पू कठडा धरून उभी होती आणि तिचं बोट सरळ नणंदेकडे रोखलेलं होतं.

"अगं चहाडखोर!" नणंद म्हणाली, आणि हसता हसता मटकन स्टुलावर बसली. भावजयीनं इस्त्री बाजूला ठेवून पोरीला उचललं आणि पटापट मुके घेतले. "माझ्या बाजूची आहे ती! पहिल्यापासून!"

मावशी बोचकं हातात धरून तशीच उभी राहिली. तिला आनंद झाला की नाही, ते तिला सांगता आलं नसतं.

त्यानंतर पोरगी थांबलीच नाही. "नको", "भाजतं", "बघ ना", "काय बाई हे". सगळं दोघींच्याच ठसक्यात, हातवाऱ्यांसकट. "हिला गप्पू कोण म्हणालं?" नणंद म्हणायची. "ही तर गप्पांची गोणी आहे."

तपासणीला या वेळी नवीन डॉक्टरीण आली. तिचेही डोळे झोप न झाल्यासारखे होते. तिनं गप्पूपुढे लाकडी ठोकळे ठेवले. गप्पूनं ते रचले. सगळ्यात वरचा पडला तेव्हा डॉक्टरीणबाईंकडे बघून म्हणाली, "तू पाडला." डॉक्टरीण हसली, आणि मग तिनं लांब खोलीतल्या एकेका खाटेपाशी जाऊन बराच वेळ काढला. परत आली तेव्हा ती हसत नव्हती.

"मावशी, ही मंद नव्हती कधीच."

"आधीचे डॉक्टर म्हणाले होते."

"त्यांना तेव्हा तसंच दिसलं असणार. मूल बोलणं ऐकतं, आपण काही केलं की समोरून उत्तर येतं, त्यातून त्याची अक्कल वाढते. समोर नुसती भिंत असेल तर कशी वाढणार?"

मावशीची कानशिलं तापली. "म्हणजे आम्ही केलं हे? मुद्दाम केलं? एकेकीला किती पोरं येतात वाट्याला, बघा तरी. मी बसते का इथे पाय पसरून?"

"नाही हो," डॉक्टरीण दमलेल्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला किती हात आहेत ते बघतेच आहे मी. मी दोष देत नाही. पण माहीत असून तुम्हाला सांगितलं नाही, तर तो माझा दोष."

डॉक्टरीण अधीक्षिका बाईंशी बोलली. अधीक्षिका बाईंनी ऐकून घेतलं. आणखी आया मागायला त्या पूर्वीही वरच्या कचेरीत खेटे घालून आल्या होत्या. पुन्हा एकदा जाऊन आल्या. आया मिळाली नाही, रेडिओ मिळाला. तो लांब खोलीत उंच फळीवर बसवला. दिवसभर बोलत राहायचा. मुलांनी एक-दोन दिवस त्याच्याकडे पाहिलं, मग पाहिनाशी झाली. रेडिओ कोणाला विचारत नव्हता, "बघ गं, मी काय वाईट बोलले का?"

गप्पूला पुढे एका जोडप्यानं दत्तक घेतलं. बाप बसचालक, आई शिवणकाम करणारी, दोघंही बोलघेवडे. न्यायला आले त्या दिवशी गप्पूनं त्या बापाला दारातच सुनावलं, "बूट काढ!" तो बिचारा खरंच काढायला वाकला. नणंद-भावजय फाटकापर्यंत गेल्या. परत आल्यावर दोघींपैकी कोणीही खिडकीचं नाव काढलं नाही. ती उघडी होती की बंद, हे त्या दिवशी कोणाच्या लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी भावजय मावशीकडे आली. "मावशी, खोली खायला उठते हो. दुसरं एखादं आणून द्या."

"सगळीच न्या ना," मावशी म्हणाली.

"जागा एकाच खाटेची आहे. माहितीये तुम्हाला."

मावशीला ते माहीत होतं. ती लांब खोलीत गेली आणि ओळीतून चालत राहिली. कोणाला न्यायचं? एक अजून रडत होतं, म्हणजे त्याची आशा अजून सुटली नव्हती, त्याला न्यावं. एक रडणं सोडून बोटं बघायला लागलं होतं. मग त्यालाच आधी न्यायला हवं. असं करत ती शेवटच्या खाटेपर्यंत गेली आणि परत आली. शेवटी तिनं बोटं बघणाऱ्याला उचललं. ते बरोबर होतं का, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही कळलं नाही.

त्याला पोचवून ती दुधाच्या बाटल्या घेऊन परतली. पहिल्या खाटेपाशी आली आणि बाटली उशीला न टेकवता हातात धरून उभी राहिली. काहीतरी बोलायला हवं होतं. काय बोलावं सुचेना. नणंद-भावजयीला भांडायला एकमेकी तरी होत्या. मग ती म्हणाली, "माझे गुडघे गेलेत बघ. जिना उतरताना जीव जातो." बाळ दूध पीत राहिलं. "जावयानं तेल आणून दिलंय. वास असा मारतं, की आमचे हे जवळ बसत नाहीत. बरंच झालं म्हणा." बाळानं चोखणं थांबवून तिच्याकडे पाहिलं. "काय? बरंच झालं की नाही?" मावशीनं विचारलं, आणि उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढी थांबली. मग पुढच्या खाटेकडे गेली आणि गुडघ्यांचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

कामं त्यामुळे मागे पडायला लागली. दुपटी वेळेवर बदलून होईनात. अधीक्षिका बाई एकदा बोलल्या, मग बोलायच्या थांबल्या. काही मुलं लवकर हुंकार द्यायला लागली, काही लागली नाहीत. भेटीला येणारी माणसं आता "किती शांत" म्हणत नसत, एक बाई तर म्हणाल्या, "पूर्वी इथे शिस्त होती."

संध्याकाळी मावशी घरी पोचायची तेव्हा घसा बसलेला असायचा. नवरा विचारायचा, "काय गं, आज काय झालं तिकडे?" ती चप्पल काढून खुर्चीवर टेकायची, डोळे मिटायची आणि हातानंच खुणावायची, उद्या सांगते.