न जुळणारी रेघ

धुळ्यात चौथ्या गल्लीतल्या एका खाजगी दवाखान्यात लताबाई रक्त-लघवी तपासायच्या. वय सत्तेचाळीस. लग्न झालं नव्हतं, आणि का झालं नाही हे विचारणारंही आता कोणी उरलं नव्हतं. शेजारच्या धुरपदाबाई दारातून बोलायच्या, पण आत येऊन चहा घ्यायच्या नाहीत. "तुमच्या हाताला काय काय लागत असेल, अक्का," असं एकदा त्या सहज बोलून गेल्या. त्यानंतर लताबाईंनी कोणाला चहा विचारला नाही.

महिन्यातून दोन रविवार मात्र त्या सकाळच्या एस.टी.नं जळगावला जायच्या. तिथल्या एका कॉलेजात इन्फ्रारेड यंत्र होतं. डोळ्यांना न दिसणारा, तांबड्याच्या पलीकडचा प्रकाश ते पदार्थातून सोडायचं आणि त्यातला किती शोषला गेला याची वळणावळणाची रेघ कागदावर काढायचं. परदेशात अशा प्रकाशानं रोगजंतू ओळखतात, प्रत्येक जातीची रेघ वेगळी येते, असं त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. तेव्हापासून त्या दवाखान्यात वाढवलेले जंतू उष्णतेनं मारायच्या, वाळवायच्या आणि कुपीत भरून न्यायच्या. यंत्र सांभाळणारे गिरधर सर ती भुकटी पांढऱ्या क्षारात कालवून तिची चपटी गोळी दाबायचे. चार वर्षांत एकेचाळीस आलेख जमले. दवाखान्यात ते कोणी बघायला मागितले नाहीत.

१९९४च्या मार्चमध्ये शिंदखेड्याहून सरदार आपल्या बायकोला, नूरबीला, घेऊन आला. दोन महिने तिचा ताप उतरत नव्हता. संध्याकाळी चढायचा, रात्री घामानं लुगडं भिजायचं. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडच्या झाल्या. दवाखान्याच्या रुपचंद डॉक्टरांनी तिला ठेवून घेतलं आणि रक्तातले जंतू वाढवून बघायला सांगितलं. आठवडा झाला तरी बाटलीत काही दिसेना.

"फेका ती, बाई. काही निघायचं नाही," डॉक्टर म्हणाले.

लताबाईंनी बाटली ठेवून दिली. अकराव्या दिवशी तिच्यातला थेंब त्यांनी जंतू वाढवायच्या काचेच्या ताटलीवर पसरला आणि आणखी तीन दिवसांनी तिथे मोहरीहून बारीक ठिपके उठले. जुन्या सवयीनं त्यांनी ताटली नाकाजवळ नेऊन वास घेतला. त्या काळात सगळेच तसं करायचे.

त्या रविवारी यंत्राची लेखणी सरकत गेली. गिरधर सरांनी नवा कागद एकेका जुन्या आलेखावर ठेवून पाहिला. एकेचाळीसपैकी एकाशीही तो जुळेना.

"मग हा आहे तरी कोण?" त्यांनी विचारलं.

"ते यंत्र नाही सांगणार. आपल्याकडचा नाही, एवढंच सांगतंय."

परतीच्या वाटेवर पारोळा येईपर्यंत लताबाई जंतूंचं पुस्तक चाळत होत्या. सावकाश वाढणारा, बारीक, लांबलेल्या तापाचा जंतू. सकाळी त्या थेट नूरबीच्या खाटेशी गेल्या.

"घरी शेळ्या आहेत का गं?"

"शेत ना," नूरबी होकारानं मान हलवत म्हणाली. "औंदा तीन बकऱ्या गाभडन्यात. त्या मरेल पिल्ला मीच काढ्यात, ताई."

लताबाईंनी डॉक्टरांसमोर पुस्तकाचं पान उघडून धरलं. जनावरांना गाभडवणारा, त्यांचा गर्भ पाडणारा ब्रुसेला; माणसात श्वासावाटेही शिरणारा. डॉक्टरांनी रक्त पुण्याला पाठवलं. नऊ दिवसांनी होकार आला, औषध बदललं आणि पंधरवड्यात नूरबी उठून बसली. डॉक्टरांच्या सभेत रुपचंद डॉक्टरांनी या रोग्याची हकिगत सांगितली. टाळ्या पडल्या म्हणे. लताबाईंना ते कंपाउंडरकडून कळलं.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी त्यांनाच थंडी वाजली. चार दिवस त्यांनी कोणाला सांगितलं नाही. मग स्वतःच दंडाला रबर बांधून रक्त काढलं, बाटलीत सोडलं आणि वाट बघत राहिल्या. डॉक्टरांनी गोळ्या लगेच चालू केल्या. धुरपदाबाई उंबऱ्याबाहेर डबा ठेवून, कडी वाजवून निघून जायच्या.

ठिपके उठले तेव्हा लताबाई अशक्त अंगानं जळगावला गेल्या. गिरधर सरांनी दोन्ही कागद खिडकीच्या काचेवर धरले. रेघा एकावर एक बसल्या.

"हा त्याच बाईचा ना?"

"नाही. माझा."

सर कागद खाली घेईनात. त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं?" लताबाई रिकामी कुपी पिशवीत टाकून स्टँडकडे चालू लागल्या.

सहा आठवड्यांनी ताप गेला. गुडघेदुखी मात्र मागे राहिली. जूनमध्ये नूरबी तपासायला आली. तिच्या दंडाला सुई लावताना लताबाई म्हणाल्या, "तुझाच ताप मला आला होता."

नूरबीनं वर पाहिलं. "तुमना जोडे कोन व्हतं?"

"जवळ? कोणी नाही."

नूरबीनं मोकळ्या हातानं त्यांचं मनगट धरलं. तेवढ्यात बाहेरून सरदारनं एस.टी. सुटायची वेळ झाली म्हणून हाक मारली. ती उठली, दारात एकदा थांबली आणि गेली.

लताबाईंनी नळीवर तिचं नाव लिहिलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.